हृद्द्वाराचा वाद

"बोट ठेवा, वैद्यबुवा," डॉक्टर रिसबूड म्हणाले. "नुसता शब्द नको. नियम म्हणजे नियम."

माझ्या सासऱ्यांनी उपरणं बाजूला सारलं आणि सदऱ्यावरून बोट ठेवलं. छातीचं मधलं हाड जिथं संपतं तिथं, किंचित डावीकडे.

"इथं. अन्ननलिका संपते आणि आमाशय सुरू होतं ती जागा. इंग्रजीत कार्डिया. मराठीत मी म्हणतो, हृद्द्वार."

"आणि मी म्हणतो, जठरद्वार," असं म्हणून रिसबूडांनी पुढ्यातलं कार्ड उचललं आणि पालथं घातलं.

कार्ड पालथं पडलं की हरकत आली. हरकत मिटेपर्यंत शब्द कोशात जायचा नाही, हा आमच्या समितीचा एक नियम. दुसरा नियम बोटाचा. सांगलीतल्या काही खटपटी मंडळींनी तेव्हा वैद्यकाचा मराठी कोश करायचं मनावर घेतलं होतं. दर शनिवारी दुपारी एका वाचनालयाच्या माडीवर बैठक व्हायची. अध्यक्ष करंदीकर मास्तर. त्यांना वैद्यकातलं ओ की ठो कळत नसे आणि त्याचाच त्यांना अभिमान होता. "मला कळलं तर महाराष्ट्राला कळेल," असं ते म्हणत. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं, की जो शब्द सुचवेल त्यानं ती जागा स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवायची. दोन विद्वान म्हातारे आपापली ढोपरं, बरगड्या, कानाच्या पाळ्या दाखवत भांडताना पाहायला मोठी मौज यायची. काही शब्दांची पाळी आली की रिसबूड खाकरून म्हणत, "इंदुताई, जरा चहाचं बघता का?" आणि मी निमूट खाली जाई.

मी त्या समितीची लेखनिक. अक्षर बरं होतं, आणि सासऱ्यांबरोबर जायचं म्हटल्यावर नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे साखर कारखान्यात केमिस्ट, गाळपाच्या हंगामात घरी पाहुण्यासारखे. घरात खरं म्हणजे आम्ही दोघंच, मी आणि मामंजी. ताम्हनकर वैद्य म्हणून गावात त्यांचं नाव होतं. सकाळी ओसरीवर रोगी बसायचे. मी आत काढे उकळायची आणि ते बाहेरून ओरडायचे, "इंदू, वास सांगतोय, करपतंय!"

रिसबूडांचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. रिसबूडांनी आयुष्यभर कॉलेजात शरीररचना शिकवली. मुडदे फाडणारा माणूस, असं मामंजी त्यांना तोंडावर म्हणत. "आणि तुम्ही न फाडताच आत काय आहे ते सांगणारे," असं रिसबूड म्हणत. आजवर असे वाद एका चहात मिटलेले होते. हा मिटेना.

"हृदयाचा त्या जागेशी काडीचा संबंध नाही," रिसबूड म्हणाले. "ग्रीक लोकांनी शेजार बघून नाव ठेवलं. आपण त्यांची चूक कशाला वाहायची?"

"चूक नाही ती," मामंजी म्हणाले. "घरात कुणी गेलं, तेराव्याला पानावर बसवलं, घास घेतला. तो कुठं अडतो? माणूस हात कुठं ठेवतो? जठरावर? ग्रीक असो की कवठेमहांकाळचा असो, माणूस हात ठेवतो तिथंच ठेवतो."

"हे काव्य झालं, वैद्यबुवा."

"मग कोश कुणासाठी करताय? मुडद्यांसाठी?"

मास्तर हसले. मी हसले नाही. मला त्या जागेवर ठेवलेलं बोट दिसत होतं, आणि ते तिथंच का आहे हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

दिवाळीनंतर मामंजींनी भाकरी सोडली होती. दात दुखतो म्हणाले. मग पोळी गेली. मग भात मऊ हवा, मग आणखी मऊ. संक्रांतीला मी गुळाच्या पोळ्या केल्या. त्यांचा जीव त्या पोळीवर. तूप लावून, कुसकरून दिली. पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. पाणी प्याले, उठून येरझाऱ्या घातल्या, छातीवरून मूठ फिरवली. शेवटी मोरीशी जाऊन तो घास टाकून आले. मी दारात उभी होते.

"मामंजी, मिरजेला दाखवू या. आजच्या आज."

"नाही."

"तुम्हाला कळतंय काय आहे ते."

"कळतंय म्हणूनच नाही म्हणतोय." ते पाटावर बसले. "तपासलं की नाव पडतं, इंदू. एकदा नाव पडलं की माणूस त्या नावाचा होतो. येणारा जाणारा त्या नावानं बघतो. ओसरीवर बसलेला रोगी उद्या मलाच विचारील, तुमचं कसं आहे म्हणून. मला ते नको. कोश होऊ दे, मग बघू."

"कोशाला वर्षं लागतील."

"तुला माझी शपथ आहे. कुणाला बोललीस तर, तुझ्या नवऱ्यालासुद्धा, मी पेजेचं पाणीही घेणार नाही."

शपथ घालून त्यांनी मला बांधून टाकलं. दिवसेंदिवस सदरा सैल होत चालला. मी आतून शिवण घेऊन तो बसता करून देत होते. त्यांनी एकदाच कुणाला तरी दाखवावं, एवढंच मला हवं होतं. देवाजवळ दुसरं काही मागत नव्हते.

आणि इकडे हा माणूस दर शनिवारी नेमकं तेच कार्ड वर काढायचा.

"जठरद्वाराचं काय झालं?" रिसबूड यायचे ते हे विचारतच. बाकीचे शब्द पुढं सरकत. यकृत झालं, प्लीहा झाली, आतड्यांची वेटोळी मार्गी लागली. चहा येई, भडंगाच्या बश्या येत, आणि रिसबूड ते पालथं कार्ड बोटानं पुढं ढकलत.

"वैद्यबुवा, शब्द रोग्याच्या उपयोगी पडला पाहिजे, हे तुमचं म्हणणं मला पटतंय. तर मला सांगा, या जागी ज्याचं दुखणं असतं असे लोक तुमच्या ओसरीवर येतात. त्यांचं आधी काय अडतं? भाकरी की भात?"

"आधी भाकरी."

"आणि भात?"

"नंतर. भात पुष्कळ दिवस साथ देतो."

"घास घेतल्या घेतल्या अडतो, की जरा वेळानं?"

"घास गिळून होतो. मनात येतं, उतरला. आणि मग अडतो."

"पाणी?"

"पाणी उतरतं," मामंजी म्हणाले. "अजून उतरतं."

माझी लेखणी थांबली. मास्तर भडंगातले शेंगदाणे वेचत होते. रिसबूडांनी मान हलवली, जशी कुठल्याही शब्दावर हलवत तशीच, आणि म्हणाले, "मग द्वार म्हणण्यात अर्थ आहे. द्वार दोघांनाही मान्य. पण हृद् मला मान्य नाही. कार्ड पालथंच राहू दे."

पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, असा रोगी आडवा झाला की अन्न घशाशी येतं का. त्याच्या पुढच्या शनिवारी विचारलं, दुखणं पाठीत जातं का. मामंजी प्रत्येक वेळी खालमानेनं, संथपणे उत्तर देत. "असे रोगी" म्हणून देत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. इतका शिकलेला माणूस, आणि एका शब्दावर जिंकण्यासाठी एका म्हाताऱ्याला किती सोलावं! मामंजींच्या पुढची भडंगाची बशी जशीच्या तशी परत जात होती. एके काळी याच माणसाला मास्तर म्हणाले होते, वैद्यबुवा, बशी तेवढी ठेवा.

माघ सरता सरता पेजही दमानं जाऊ लागली. मी ठरवलं, आता पुरे. मामंजी दुपारी लवंडले तशी मी उठले आणि रिसबूडांच्या घरी गेले. ते अंगणात पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून वाचत होते.

"डॉक्टर, तुमचा शब्द घ्या," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "मी मामंजींची समजूत घालते. जठरद्वार तर जठरद्वार. पण त्यांना छळू नका."

त्यांनी पुस्तक मिटलं. "बसा."

"मी बसायला आले नाही."

"इंदुताई," ते म्हणाले, "पेज जाते का अजून?"

मी तिथल्या ओट्यावर बसले.

"तुम्ही काही बोलू नका. शपथ घातली असेल, आणि ती तुम्ही मोडू नये. मीच बोलतो. पहिल्या दिवशी मी बोट ठेवा म्हटलं ते आपलं नियमाप्रमाणे. पुस्तकातून शिकलेला माणूस ही जागा दाखवताना बोट शोधत शोधत नेतो. बरगडी चाचपतो, हाडाचं टोक बघतो. मीसुद्धा तसाच नेतो. वैद्यबुवांचं बोट सरळ गेलं. जरासुद्धा चाचपलं नाही. रोगी दाखवतो तसं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मग भडंगाची बशी बघितली. तेव्हापासून मी शब्दावर भांडतच नाहीये. त्यांची तपासणी करतोय. दुसरी कुठली ते करू देणार?"

"त्यांना कळलं नाही का हे?"

"न कळायला ते काय करंदीकर मास्तर आहेत? पहिल्याच प्रश्नाला कळलं. म्हणून तर खरी उत्तरं देताहेत."

मला रडू फुटलं. ते मग म्हणाले, "आता पडद्यावर बघितल्याशिवाय पुढं काही सांगता येणार नाही. मिरजेला एक्स-रेवाला माझा विद्यार्थी आहे. त्यांना तिथवर कसं न्यायचं, तेवढं सुचत नव्हतं. तुम्ही भांडायला आलात आणि सुचलं बघा."

त्या शनिवारी चहा व्हायच्या आधीच रिसबूड उठून उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, या कार्डाचा निकाल बोलून लागायचा नाही. ती जागा उघडते कशी, मिटते कशी, ते डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मिरजेला पडद्यावर बघायची सोय आहे. पांढरं औषध प्यायचं, ते घशातून खाली उतरताना पडद्यावर दिसतं. समितीनं यावं."

"आणि ते पांढरं औषध प्यायचं कुणी?" मास्तरांनी धास्तावून विचारलं. नियमानं आपल्यावर पाळी येते की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"मी पिणार. शब्द माझा आहे."

रिसबूड मामंजींकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मामंजी मात्र त्यांच्याकडेच बघत होते. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

"शब्द माझाही आहे," मामंजी शेवटी म्हणाले. "वादीची जागा बघायची आणि प्रतिवादीची नाही, हा कुठला न्याय? दोघं पिऊ."

मिरजेच्या त्या खोलीत खिडक्यांना काळे पडदे होते. मास्तरांना अंधाराचं भय, ते बाहेर बाकावर बसले. मला रिसबूडांनी आत घेतलं, "लेखनिक पाहिजे" म्हणून. आधी ते स्वतः सदरा काढून यंत्रामागं उभे राहिले. पेल्यातला खडूच्या पाण्यासारखा द्राव प्याले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "तुमचा काढा परवडला, वैद्यबुवा." हिरवट पडद्यावर एक काळी रेघ झरझर खाली आली, एका जागी क्षणभर थबकली, आणि दार उघडावं तशी पलीकडे उतरून पसरली.

"ती बघा जागा," एक्स-रेवाले म्हणाले.

मग मामंजी उभे राहिले. त्यांना उघड्या अंगानं मी कधी पाहिलं नव्हतं. बरगडी न् बरगडी दिसत होती. त्यांनी पेला तोंडाला लावला. काळी रेघ खाली आली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. वरच्या वर साचून रुंद होत गेली, आणि खाली उतरला तो नुसता एक धागा. तोही सरळ नाही, कुरतडल्यासारखा.

दिवा लागला. यंत्रामागून मामंजींना पडदा दिसत नव्हता, पण आमची तोंडं दिसत होती. त्यांनी सदरा चढवला, सावकाश बटणं लावली.

"रिसबूड," ते म्हणाले. आजवर ते त्यांना नुसत्या आडनावानं कधी हाक मारत नसत. "कुठं आहे?"

रिसबूडांनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मधलं हाड संपतं तिथं, किंचित डावीकडे.

मामंजींनी त्या बोटाकडे बघितलं. "म्हणजे मी दाखवलेली जागा बरोबर होती," ते म्हणाले. "चल, इंदू. मास्तर बाहेर घाबरून बसले असतील."

त्यानंतर त्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही. शपथ त्यांनी आपणहून सोडवली, ह्यांना बोलावून घेतलं, मिरजेच्या सर्जननं सांगितली ती ऑपरेशनची तारीख मान्य केली. पोट उघडलं आणि फार काही न करता मिटलं. गाठ पसरली होती. अडलेल्या जागेतून एक नळी बसवली, तेवढंच. आणखी चार महिने आधी आला असतात तर, असं सर्जन म्हणायला लागले तेव्हा मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ते मला माहीत आहे. हिच्यासमोर नको."

नळीनं एक केलं. पातळ अन्न उतरू लागलं. चैत्रात मी आंब्याचा रस गाळून गाळून पाण्यासारखा केला आणि त्यांनी वाटीभर घेतला. घेताना त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही. तपासायला नाही म्हणाले त्याबद्दल मी मनात त्यांच्यावर फार रागावले होते. तो राग त्या वाटीबरोबर गेला.

शनिवारी आता रिसबूड कार्डं घेऊन आमच्या घरीच येत. खाटेशी खुर्ची ओढून बसत. एकदा मामंजी म्हणाले, "ते कार्ड सरळ करा. जठरद्वार लिहा. मी हरलो."

"छे! असं आजारी माणसाकडून मी जिंकत नसतो. उठा, माडीवर या, मास्तरांसमोर हरा."

"मी आता कुठला जिने चढतोय."

"मग कार्ड पालथंच राहील," रिसबूड म्हणाले आणि उगाच रागावल्यासारखे उठून गेले. अंगणात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

वळवाच्या दिवसांत मामंजी गेले. घरच्या खाटेवर, शुद्धीवर, माझ्या हातचं चमचाभर पाणी घेऊन.

तेरावं झाल्यावर पहिली बैठक भरली. मी जाणार नव्हते, पण हे म्हणाले, "जा. त्यांना आवडलं असतं." मामंजींची खुर्ची कुणी हलवली नव्हती. चहा आला, बश्या आल्या. करंदीकर मास्तरांनी गठ्ठ्यातून ते कार्ड काढलं आणि घसा साफ केला.

"रिसबूड, हे एवढं मार्गी लावू या. वैद्यबुवांनी तुमचा शब्द मान्य केला होता असं इंदुताई सांगतात. आता कुणाची हरकत उरली नाही. जठरद्वार. लिहा, इंदुताई."

मी लेखणी उचलली. रिसबूडांनी हात पुढं करून मास्तरांच्या हातातलं कार्ड घेतलं आणि टेबलावर पालथं घातलं.

"हरकत आहे," ते म्हणाले.

"अहो, पण कुणाची?"

"माझी."

मास्तर गोंधळले. "शब्द तुमचा आणि हरकतही तुमचीच? मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"हृद्द्वार."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मग त्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी नियमावर बोट ठेवलं. "ठीक आहे. पण शब्द सुचवणाऱ्यानं जागा दाखवायची."

रिसबूडांनी हात उचलला. बरगडी चाचपली नाही, हाडाचं टोक शोधलं नाही. बोट सरळ जाऊन त्या जागेवर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यांच्यापुढं भडंगाची बशी भरलेलीच होती.

"इथं," ते म्हणाले. "लिहा, इंदुताई."